वाऱ्याला नाव सांगायचं नाही

कोरडा ओढा, सांता क्रूस
११ मार्च १९२४

ग्राशीताई,

बेत्रीचा नमस्कार. आईच्या पाया पडलो म्हणून सांग.

तू म्हणशील, बेत्र्यानं परत काम बदललं. बदललं. विटांच्या भट्टीत जीव घुसमटत होता आणि गवळीवाड्यातला मालक रोज सकाळी माझ्या टोपीवरून हसायचा. आता मी या परक्या देशाच्या पार दक्षिणेला आहे. दोन हजार मेंढ्या, पाच कुत्री, एक पत्र्याची खोपटी आणि माणसं दोन. दुसरा साल्बात, खिंडीपलीकडचा आपलाच माणूस. चार वर्षं पाद्र्यांच्या शाळेत होता. अक्षर असं की छापल्यासारखं. हे पत्र मी लिहून देतो म्हणाला, पण मी म्हटलं नको, चुका नसल्या तर ताईला वाटेल दुसऱ्याच कुणाचं आलं.

इथं वारा आहे. एवढं लिहिलं की झालं, दुसरं काही नाहीच. आपल्याकडचा दक्षिणवारा दोन दिवस येतो, बायका भांडतात, गाई दूध चोरतात आणि जातो. हा जातच नाही. रात्री पत्र्याखाली बोटं घालून खोपटी उचलून बघतो. आई म्हणायची ते गाणं आठवतं का?

कोण आहे घरात, वारा विचारतो,
सांगू नको बाळा, वारा नाव चोरतो.
काळी लोकर पांघरून रात्र उभी दारी,
नाव तिला कळलं तर नेईल तिच्या घरी.

साल्बातला हेच गाणं येतं, चाल वेगळी. परवा अंधार पडल्यावर मी अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हटलं आणि वर ओरडलो, "मी लारालदे घरचा बेत्री, या कोण येतंय ते!" साल्बात आतून म्हणाला, "गप ये आत, गाढवा. रातवाला ऐकेल, उचलून नेईल." मी म्हटलं, त्याला इथं यायचं तर जहाजाचं तिकीट काढावं लागेल, आणि तिसऱ्या वर्गात त्याला झोप लागायची नाही. दोघं हसलो. मग तो उगाच दाराची खीळ बघून आला.

मला थोडा खोकला आहे. आईला सांगू नको.

बेत्री

—

लारालदे, आल्दाबुरू
२ मे १९२४

बेत्र्या, गाढवा,

साल्बातनं तुला बरोबर नाव ठेवलं. मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आणि खोकल्याचं गाळलं, पण अंगणातलं गाळायचं सुचलं नाही. आईच्या हातातलं मक्याचं पीठ परातीत तसंच राहिलं. म्हणाली, "नाव सांगितलं? घराचं नावसुद्धा?" मग शेजारच्या सबालो घरच्या पोरीची गोष्ट काढली. पैज लावून रात्री झऱ्यावर पाण्याला गेली ती. घागर सापडली, ती नाही. तुला पाठ आहे. मला पाठ आहे. तरी पूर्ण ऐकावी लागली.

तू हसशील. मी पण हसले. पण आईनं दारावरचं वाळलेलं काटेफूल बदललं आणि खिडकीवर दुसरं लावलं. रातवाल्यानं आत यायच्या आधी त्याच्या केसरांची मोजदाद करायची आणि तेवढ्यात उजाडायचं, असा त्यांचा करार आहे म्हणे.

शेजारची मायी विचारते, बेत्री कधी येणार. मी सांगितलं, काम बदलायचं थांबवलं की. तीन गाई व्यायल्या. मधमाश्यांच्या दोन टोपल्या वाढल्या. आईचे पाय सुजतात. खोकल्याला मध आणि गरम पाणी घे. मध नसेल तर नुसतं पाणी घे, पण घे. आणि साल्बातला सांग, याच्यावर लक्ष ठेव. शाळा शिकलेलं माणूस आहे, त्याचं तरी ऐक.

ग्राशी

—

(एकच कागद. वळणदार, स्वच्छ अक्षर. वर नाव नाही, खाली सही नाही. पाकिटावर पत्ता ग्राशीचा. शिक्का १९ जुलै १९२४.)

वारा आला डोंगरावरून, अंगण झाडून गेला,
दोघे होतो एका छताखाली, एक उठून गेला.
कुत्री भुंकली नाहीत, दिवा विझला नाही,
रात्रीनं हाक मारली, मी नाही म्हटलं नाही.

आई, दार लावून घे, मी आता थंड आहे,
दगड माझी उशी झाले, धोंडा माझं अंथरूण आहे.
मधमाश्यांना हळू सांग, मेण त्यांना माग,
वाट फार काळोखी आहे, माझ्यासाठी जाग.

—

लारालदे, आल्दाबुरू
२१ सप्टेंबर १९२४

श्री. साल्बात यांस,

तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि मी तुम्हाला. पण माझ्या भावाच्या पत्रामुळे तुम्ही आमच्या घरी आलेलेच आहात.

कवन पोचलं. परदेशी गेलेला माणूस तिथंच वारला की त्याच्या सोबत्यानं त्याच्याच तोंडी कवन करून घरी धाडायचं, आणि ते घरी पोचेपर्यंत कागदावरसुद्धा त्याचं नाव घालायचं नाही, वाटेतला वारा ते उचलेल म्हणून, ही रीत तुम्ही पाळलीत. तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे असं बेत्रीनं लिहिलं होतं, म्हणून पाकीट उघडल्या क्षणीच मला कळलं.

आमच्याकडून सगळं नीट झालं. पहिली शेजारीण म्हणून मान मायीचा; ती संध्याकाळी मधमाश्यांच्या टोपल्यांपाशी गेली, प्रत्येकीवर तीनदा टकटक करून सांगितलं, बायांनो, घरातला गेला, मेण द्या. गाईंना उठवून सांगितलं. चर्चमध्ये आमच्या घराच्या ठरलेल्या जागी आईनं मेणाची वात लावली. ती रोज जाते. रात्री झोपत नाही. कवनाचं शेवटचं कडवं तिनं शब्दशः घेतलं आहे. चुलीशी बसून गात राहते. वाट काळोखी आहे ना, मग आवाज तरी असावा, म्हणते.

एक विचारते. त्याला त्रास फार झाला का? आणि तो नाव ओरडला त्या रात्रीनंतर काही झालं होतं का? आई हेच विचारते. मी तिला सांगते की खोकल्यानं गेला.

त्याला दगडाखाली ठेवलंत त्याबद्दल तुमचे उपकार. तुम्ही एकटेच आहात आता. जपा.

ग्राशियाना, लारालदे घरची

—

कोरडा ओढा
९ डिसेंबर १९२४

ताई,

मी बेत्री. मी जिवंत आहे. मी जिवंत आहे. मी जिवंत आहे. तीनदा लिहिलं.

साल्बात गेला. खोकला मला होता तो आठ दिवसांत उतरला आणि त्याला लागला. त्याचा उतरला नाही. घरी कळवू नको म्हणून त्यानं माझ्याकडून शपथ घेतली, म्हणून मी तुलाही लिहिलं नाही. जून महिन्यात गेला. इथं जूनला बर्फ असतं. जमीन खणली जात नव्हती, म्हणून दगड रचले. कवन मी केलं, त्याच्या तोंडी. त्याच्या आईकडे कुणाच्या हस्ते धाडायचं ते कळेना, म्हणून तुला पाठवलं, की तू खिंडीपलीकडे नेऊन देशील. माझ्या अक्षरात त्याच्या आईला कवन द्यायची लाज वाटली. दुकानातल्या कारकुनाकडून लिहून घेतलं. तो पण आपलाच. मी म्हटलं, खाली दोन ओळी खुलाशाच्या टाकू का? तो म्हणाला, "वेडा का तू, घरी पोचायच्या आत नाव टाकतोस?" मला वाटलं ताईला कळेलच.

ताईला काय कळणार होतं? मीच लिहिलं होतं की मला खोकला आहे.

तुझं पत्र त्याच्या नावानं आलं म्हणून मी आधी फोडलं नाही. दोन दिवस फळीवर ठेवलं. मग वाटलं, मेलेल्याचं पत्र किती दिवस ठेवायचं. फोडलं, वाचलं, आणि लगेच हे लिहायला बसलो.

आईला आत्ताच्या आत्ता सांग. वाचता वाचता उठ आणि सांग. गाणं बंद कर म्हणावं. मायीला सांग, मधमाश्यांना जाऊन सांग की चूक झाली.

ताई, एक सांगतो, हसू नको. तुझं पत्र यायच्या आधीपासून, सप्टेंबरपासून असेल, मला रात्री गाणं ऐकू येतं. वाऱ्यात. मला वाटायचं, एकटं राहून डोकं फिरलं. तू लिहिलंस आई रोज रात्री गाते. मी आता कानात लोकर घालून झोपतो. लोकरीतूनही येतं.

गेल्या आठवड्यात गाडीवाला पीठ टाकून गेला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. एरवी तो शिव्या तरी देतो.

लवकर लिही. माझं नाव घालून लिही.

तुझा बेत्री

—

आल्दाबुरू
३० जानेवारी १९२५

हे पत्र लिहिणाऱ्यास,

काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून असं लिहिलं. रागावू नकोस.

अक्षर बेत्रीचं आहे. चुकासुद्धा त्याच्याच. तेच जास्त वाईट झालं. पाकिटावरचं अक्षर बघून माझ्या हातातून दुधाचं भांडं पडलं. मी वाचलं आणि पळत आत गेले, "आई, तो आहे, आहे तो!" आई उठली नाही. म्हणाली, "काय मागतो?" मी म्हटलं, "काही मागत नाही, जिवंत आहे म्हणतो." "आणि काय म्हणतो?" मी वाचलं. गाणं बंद कर म्हणतो, इथवर आले आणि आईनं माझ्या हातातून कागद काढून घेतला.

तिचं म्हणणं असं. कवन आलं, नाव घरात पोचलं, मधमाश्यांना सांगितलं, मेण जळलं. एवढं झाल्यावर जे परत येतं, ते घरातल्यांच्याच आवाजात येतं. आणि पहिली मागणी हीच करतं, की जागू नका, दिवा काढा, गाणं थांबवा. त्यानं अंगणात उभं राहून स्वतःचं आणि घराचं नाव वाऱ्याला दिलं होतं. आता ते नाव कुणाकडे आहे कोण जाणे.

पत्र तिनं घरात ठेवू दिलं नाही. बांधावरच्या दगडाखाली आहे.

पाद्रीबाबा म्हणाले, मूर्खपणा आहे, पोरगा जिवंत आहे. आई म्हणाली, पाद्रीबाबा शहरातले. त्यांनी तुमच्या मेंढीवाल्या मालकाला पत्र टाकलंय, उत्तर यायला दोन महिने तरी लागतील. मायी टोपल्यांपाशी जायला तयार नाही. जिवंत झाला असं मधमाश्यांना सांगायची कुणाला रीतच माहीत नाही. काय शब्द वापरायचे?

मी काय मानते ते मला विचारू नकोस. दिवसा मी मानते की तू बेत्री आहेस. संध्याकाळी मी बांधावरून जाताना त्या दगडाकडे पाठ करत नाही.

एक सांग. आपण ओढ्याकाठी एक काम केलं होतं. आईला आजवर माहीत नाही. ते काय?

ग्राशी

—

कोरडा ओढा
२२ मार्च १९२५

ताई,

"हे पत्र लिहिणाऱ्यास!" शाबास. सख्ख्या बहिणीनं असं लिहावं.

ओढ्याकाठी आपण मधमाश्यांची टोपली पाडली. मी सात वर्षांचा, तू बारा. मध चोरायला गेलो होतो. टोपली पाण्यात वाहून गेली. तू मला आधी थोबाडीत मारलीस, मग माझ्या चेहऱ्यावर चिखल थापलास, आणि आईला सांगितलंस की रानमांजरानं पाडली. रानमांजरासाठी बाबांनी सापळा लावला आणि त्यात पाद्र्याचं कुत्रं सापडलं. झालं? की आणखी पुरावा हवा?

आता मी सांगतो ते ऐक. रागावून लिहिणार होतो, पण राग टिकत नाही. भीती टिकते.

तुझं पत्र आल्यावर मी तीन दिवस कुणाशी तरी बोलायचं म्हणून फिरलो. माणूस नाही. कुत्री जवळ येतात, पण साल्बातची जुनी कुत्री माझ्या मागं बघून शेपूट हलवते. मग मी विचार करायला लागलो. कोण गेला ते मला कसं माहीत? मी होतो तिथं, म्हणून. पण मेलेल्यालाही वाटत असेल की तो होता तिथं. दोघं एका छताखाली होतो. शेवटचे पाच दिवस मलाही परत ताप भरला होता, तापात दोघंही होतो. जूनच्या त्या पाच दिवसांतलं मला फक्त वाऱ्याचं आठवतं.

हसलीस? मी पण दिवसा हसलो.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी दगडांपाशी गेलो आणि वरचे काढायला लागलो. मला फक्त बघायचं होतं कोण आहे. एक दगड पायावर पडला, बरं वाटलं, दुखलं म्हणून. आठ-दहा दगड काढले आणि खाली माझा कोट दिसला. आईनं विणलेला, करड्या लोकरीचा, कोपरावर तुझं ठिगळ.

ताई, मी दगड तसेच टाकून पळालो. खोपटीत शिरून दाराला पाठ लावून बसलो. संध्याकाळ होईपर्यंत मला आठवलं नाही की कोट मीच त्याला घातला होता. थंडी वाजते म्हणत गेला तो. मेल्यावर काय थंडी, पण घातला. हे मला आठवलं. पण ते खरंच आठवलं, की मी जुळवलं? तूच सांग.

दुसऱ्या दिवशी जाऊन दगड परत रचले. खाली बघितलं नाही. चेहरा बघायची हिंमत झाली नाही.

मी येतो आहे. काम सोडलं. मालक म्हणाला, हंगामात सोडतोस, परत दिसू नकोस. म्हटलं, दिसलो तुम्हाला? बरं वाटलं. तो मला वेडा समजला.

ब्वेनोस आयरेसमध्ये आपल्या लोकांची खाणावळ आहे, तिथं उत्तर पाठव. पत्ता मागं आहे. जहाजाचं भाडं कमवायला दोन-तीन महिने तिथं राहावं लागेल.

बेत्री (मीच)

—

लारालदे, आल्दाबुरू
११ मे १९२५

बेत्री,

नाव घातलं. हात अडखळला, पण घातलं.

उत्तर बरोबर आहे. चिखलाचं तर मीही विसरले होते. वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. मग आईला पहिल्यांदा सांगितलं की ती टोपली आपण पाडली होती. पंधरा वर्षांनी शिव्या खाल्ल्या. शिव्या देताना ती आईसारखी होती, मला वाटलं सुटलो. मग ती थांबली आणि म्हणाली, "त्या दिवशी वारा होता का गं?"

मी म्हटलं, असेल.

"मग त्यानं बघितलंच असेल."

तुझ्या कोटाचं तिला सांगितलं नाही. मला एकटीलाच ते सोसत नाही. मी रात्री उठून कागद चाचपून बघते की तू लिहिलंस की मी स्वप्नात वाचलं.

आईनं अट घातली आहे. तिला तू हवा आहेस, बेत्र्या, हे विसरू नकोस. हवा आहेस म्हणूनच ती घाबरते. रात्री तिची हाक ऐकून जे येईल ते तू नसशील, आणि ती दार उघडेल, ही तिची भीती आहे. म्हणून अट अशी. दुपारी ये. ऊन डोक्यावर असताना, वरच्या रस्त्यानं, म्हणजे तुझी सावली पायाशी पडलेली तिला खिडकीतून दिसेल. दक्षिणवारा असेल त्या दिवशी गावाबाहेर थांब. अंधारात आलास तर दार उघडणार नाही. मलाही उघडू देणार नाही. तिनं मला मेणाच्या वातीवर हात ठेवायला लावून शपथ घेतली आहे.

तिचे पाय आता गुडघ्यापर्यंत सुजलेत. चर्चपर्यंत जात नाही. वात मी लावते. जिवंत माणसाच्या नावानं वात लावताना मी कुणाकडे बघत नाही. पण थांबवली तर तिचा श्वास थांबेल असं वाटतं.

दुपारी ये. लवकर ये.

ग्राशी

—

बोर्दो, बंदर
२८ ऑक्टोबर १९२५

ताई,

पोचलो. जहाजावर चाळीस माणसांनी माझ्याशी भांडण केलं, जुगारात एकानं टोपी जिंकली, म्हणजे मी आहे. उद्या आगगाडी, मग चालत. शनिवारी दुपारी बारा वाजता वरच्या रस्त्यावर. आईला खिडकीत बसव.

बेत्री

—

(लारालदेच्या दारापाशी, शनिवार ३१ ऑक्टोबरच्या आदल्या रात्री. कागदाचे तुकडे, पेन्सिल.)

ताई, मीच आहे. ओरडत नाही. दार ठोठावलं तेव्हा गाणं थांबलं, म्हणून लिहून सरकवतो आहे.

मला माहीत आहे रात्र आहे. माहीत आहे वारा दक्षिणेचा आहे. मी सबालोच्या गोठ्यात सकाळपर्यंत थांबणार होतो. मायीनं खिडकीतून बघितलं आणि किंचाळली. मग खिडकी न उघडताच म्हणाली, "कोणी असशील ते अस, पण लारालदेची म्हातारी आजची रात्र काढायची नाही. पाद्रीबाबा शेवटचं तेल लावून गेले." मग मी कसा थांबू? उद्या दुपारी मी सावली कुणाला दाखवू?

—

बेत्री,

खरं आहे. श्वास वरवर चालतो आहे. पण शुद्ध आहे. तुझी थाप ऐकून म्हणाली, "आला." मी उठले तर माझं मनगट धरलं. अजून धरून आहे, डाव्या हातानं लिहिते आहे. ती म्हणते, तो बेत्री असता तर दुपारी आला असता. त्याला सांगितलं होतं.

जाऊ नकोस.

—

तिला सांग, बेत्रीनं कधी कुणाचं सांगितलेलं ऐकलं होतं? हा पुरावा धर म्हणावं.

ताई, इथं अंगणात उभा आहे आणि माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली आहे. कंदील नाही. दाराच्या फटीतल्या उजेडात कागद दिसतो, स्वतःची सावली दिसत नाही. वारा त्याच आवाजात विचारतो आहे. दार मोडू शकतो मी, जुनी खीळ आहे, मला ठाऊक आहे कुठं ढिली आहे. पण मोडलं तर तिच्यासाठी मी तोच होईन ना? ती मला बघत, भीत मरेल. आणि थांबलो तर मी मेलेलाच आहे असं समजून जाईल. काय करू ते सांग.

—

हसली. ऐकण्याचं वाचलं तेव्हा हसली, बेत्र्या. मग डोळे मिटले. मला वाटलं गेली. मग म्हणाली, "दार मोडत नाही का?"

म्हटलं, नाही. बाहेर उभा आहे.

"किती वेळ उभा राहील?"

किती वेळ उभा राहशील?

—

उजाडेपर्यंत. परत गात असेल तर बरं होईल. आता ते ऐकून मला भीती वाटणार नाही. वाटेल, पण चालेल.

—

बेत्री,

गाते आहे. आवाज म्हणजे नुसते ओठ, तुला ऐकू येणार नाही. तिनं माझं मनगट सोडलं.

म्हणाली, मी दार उघडणार नाही, मी भिते, आणि आता भिणं सोडायला वेळ नाही उरला. पण तू तुझी बघ. तुला शपथेतून मी मोकळं केलं. बाहेर जायचं तर जा आणि त्याच्याजवळ बस. तोच असेल तर उजाडताना दोघं आत या, मी तेवढं थांबायचं बघते. तो नसेल तर...

एवढं म्हणून तिनं परत गाणं धरलं.

मला खूप भीती वाटते आहे. तू खरंच कोण आहेस ते मला माहीत नाही. दगडाखालचा कोट कुणाच्या अंगात होता तेही मला माहीत नाही. पण बाहेर जो कोणी आहे तो दार मोडत नाही आणि कुडकुडतो आहे, एवढं कळतं.

दार हातभरच उघडेन. हात आत घाल. गार असला तरी धरीन.